भिंतीवरचा ॲक्टिव्हिटी बोर्ड लावताना या चुका टाळा

लहान मुलांसाठी भिंतीवर लावायचा ॲक्टिव्हिटी बोर्ड, म्हणजे कड्या, दातेरी चाके असे हाताळायचे भाग बसवलेली फळी, निवडताना पालक रंग, आकार आणि किंमत पाहतात. तो ज्या भिंतीवर राहणार, ती भिंत मात्र सहसा कोणी तपासत नाही. गोव्यात पुढच्या अनेक अडचणींचे मूळ तिथेच असते.

येथील जुन्या घरांच्या आणि कित्येक बालवाड्यांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या असतात. चिरा सच्छिद्र असून त्यात जागोजागी मऊ मातीचे कप्पे असतात, त्यामुळे ड्रिलने पाडलेले छिद्र हवे त्यापेक्षा मोठे होते आणि प्लास्टिकची गिट्टी पकड घेत नाही. हाताने हलवून पाहिल्यास बोर्ड घट्ट वाटतो; पण नुकतेच उभे राहू लागलेले मूल त्यावरच्या दांडीला धरून आपले सगळे वजन टाकते, आणि काही दिवसांत स्क्रू सैल होतात. मग त्याच छिद्रात आगपेटीच्या काड्या कोंबून स्क्रू पुन्हा पिळला जातो, ही सर्वांत धोकादायक दुरुस्ती होय. छिद्राची जागा बदलावी, गिलावा ओलांडून चिऱ्यात खोलवर जाईल असा लांब स्क्रू घ्यावा आणि दोन चिऱ्यांमधला सांधा टाळावा. आधी भिंतीवर दोन लाकडी पट्ट्या पक्क्या करून त्यांवर बोर्ड बसवल्यास भार अधिक स्क्रूंवर विभागला जातो, शिवाय मागे हवा खेळती राहते.

ही हवा आवश्यक आहे, कारण गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एमडीएफचा (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचा) बोर्ड या दमटपणात कडांपासून फुगतो. प्लायवूड घेतले तरी पुढची बाजू रंगवून मागची कोरी ठेवली, तर ती ओल शोषून घेते आणि बोर्ड वाकतो. म्हणून मागची बाजू व कडाही रंगवून घ्याव्यात. पावसाळ्यात लाकडी दातेरी चाके अडकू लागली की त्यांत तेल घालण्याचा मोह होतो, परंतु ते मुलांच्या हातांवरून तोंडात जाते. चाक सुकवून, आसाजवळ बारीक घासून त्यावर मेण चोळणे पुरते. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या हवेने साधे स्क्रू लवकर गंजतात, तेव्हा स्टेनलेस स्टीलचेच वापरावेत. चतुर्थीपूर्वी घर रंगवायला काढतातच, त्याच वेळी बोर्ड उतरवून मागे बुरशी किंवा वाळवी आहे का, हे पाहावे.

उंचीची चूकही नित्याची. बोर्ड मोठ्यांच्या नजरेच्या पातळीवर लावला जातो, तर एका वर्षाच्या मुलाची उंची साधारण ७५ सेंमी असते. त्याच्यासाठी खेळण्याचे भाग जमिनीपासून ३० ते ७० सेंमीच्या पट्ट्यात असावेत. अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांची मुले एकत्र असतात. तिथे उभ्या बोर्डपेक्षा आडवा, लांब बोर्ड बरा, म्हणजे दोघा-तिघांना ढकलाढकली न करता शेजारी उभे राहता येते.

भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. घरी बनवलेल्या बोर्डवर मात्र ही तपासणी आपल्यालाच करावी लागते. सुटे होऊ शकणारे लहान मणी, लोहचुंबक आणि विशेषतः बटण बॅटरी टाळावी, कारण गिळलेली बटण बॅटरी अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही गंभीर इजा करू शकते. विहिरीकडे किंवा गॅलरीत जाणाऱ्या दाराला जशी कडी आहे, तशीच बोर्डवर बसवू नये. मूल तीच उघडायला शिकेल.

मूल बोर्डकडे फिरकेनासे झाले, तर बहुधा त्यावर एकाच वेळी फार काही बसवलेले असते. चार-पाच भाग ठेवावेत, बाकीचे काढून ठेवावेत आणि अधूनमधून एखादाच बदलावा. सगळा बोर्ड नवा केला, तर नुकतीच जमू लागलेली कडीही हातची जाते.