जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरचे वायरिंग समजून घेताना या चुका टाळा

महाराष्ट्रात घरच्या फिटिंगची थोडीफार माहिती असलेला माणूस काळी वायर पाहिली की ती न्यूट्रल समजतो, आणि मोटारीच्या बॅटरीशी खटपट केलेला माणूस तीच काळी वायर ऋण टोकाची समजतो. अमेरिकेत १९६० किंवा १९७० च्या दशकात बनलेला, गाडीमागे ओढायचा आणि आत राहायची सोय असलेला ट्रॅव्हल ट्रेलर विकत घेऊन तो स्वतः दुरुस्त करू पाहणाऱ्या मराठी माणसाला हे दोन्ही समज महागात पडू शकतात. तेथे १२० व्होल्टच्या वायरिंगमध्ये काळी वायर फेजची असते आणि पांढरी न्यूट्रलची. १२ व्होल्टच्या वायरिंगमध्येही काळी वायर पुष्कळदा बॅटरीच्या धन टोकाकडून आलेली असते आणि पांढरी ऋण असते. त्यात पन्नास-साठ वर्षांत चार-पाच मालकांनी हाताला लागेल त्या रंगाच्या वायरी जोडलेल्या असतात. म्हणून वायरीचा रंग हा केवळ अंदाज मानावा आणि मल्टिमीटर जे दाखवील ते खरे धरावे.

याहून मूलभूत चूक म्हणजे ट्रेलरचे वायरिंग एकच आहे असे समजणे. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळ्या व्यवस्था असतात. ट्रेलर उभा करायच्या जागेवरच्या वीजपुरवठ्याच्या खांबावरून केबलने येणारी १२० व्होल्टची एसी वीज एअर कंडिशनर आणि प्लग पॉइंट चालवते. बॅटरीची १२ व्होल्टची डीसी वीज आतले दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा चालवते. तिसरी व्यवस्था ओढणाऱ्या गाडीकडून येते आणि मागचे दिवे, इंडिकेटर व विजेवर चालणारे ब्रेक यांना पुरवठा करते. १९५० च्या दशकातल्या लहान ट्रेलरमध्ये दुसरी व्यवस्था बहुधा नसतेच, कारण आतले दिवे १२० व्होल्टचे किंवा गॅसचे असत. बिघाड कोणत्या व्यवस्थेतला आहे हे ठरवल्याशिवाय पेचकस हातात घेऊ नये.

पत्र्याला करंट का येतो

ओल्या गवतावर उभे राहून दाराच्या मुठीला हात लावला आणि झिणझिण्या आल्या, तर ‘जुना ट्रेलर आहे, थोडे चालायचेच’ असे म्हणून सोडून देणे ही सर्वांत घातक चूक होय. याची दोन नेहमीची कारणे आहेत. जुन्या ट्रेलरच्या मूळ केबलला अनेकदा दोनच पिनांचा, उलटसुलट कसाही बसणारा प्लग असतो आणि अर्थिंगची तार मुळीच नसते. अशा ट्रेलरमध्ये न्यूट्रल कोणी चॅसीशी जोडलेला असेल, तर प्लग उलटा बसताच अख्खा पत्रा फेजला जोडला जातो. अर्थिंगची वाट नसल्यामुळे ब्रेकरही पडत नाही. तीन पिनांचा प्लग हवा म्हणून तिसरी पिन कोठेही न जोडता नुसता प्लग बदलणारे महाभागही असतात. त्यांचा ट्रेलर दिसायला सुरक्षित होतो इतकेच.

दुसरे कारण ब्रेकरच्या पेटीत सापडते. घरांसाठी मिळणारी पेटी ट्रेलरमध्ये बसवताना न्यूट्रलची पट्टी आणि अर्थिंगची पट्टी यांना जोडणारा स्क्रू तसाच राहून जातो. अमेरिकन नियमांनुसार ही जोडणी मुख्य पुरवठ्याच्या ठिकाणी एकदाच व्हायला हवी. ट्रेलरच्या आत न्यूट्रल आणि अर्थिंग पूर्ण वेगळे असले पाहिजेत. ते आत जोडलेले असतील तर न्यूट्रलमधून परत जाणारा प्रवाह चॅसीतूनही वाहू लागतो, आणि पेटीआधी न्यूट्रल व अर्थिंग दोन्ही तुटले, तर चालू असलेल्या उपकरणातून येणारी वीज थेट पत्र्यावर उतरते. तपासणी सोपी आहे: केबल काढावी, बॅटरी सोडवावी, आणि मीटरने दोन्ही पट्ट्यांमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे विजेला सलग वाट, आहे का ते पाहावे. ती नसली पाहिजे. केबल लावलेली असताना ही चाचणी केली तर खांबाकडची जोडणी मीटर दाखवतो आणि निर्दोष ट्रेलरमध्येही दोष दिसतो. पुष्कळांची फसगत इथेच होते. पट्ट्या वेगळ्या असूनही करंट येत असेल तर गीझरचे किंवा फ्रिजचे जुने एलिमेंट आतून गळते आहे का, ते एकेक सोडवून पाहावे.

घराच्या अंगणात ट्रेलरसाठी प्लग पॉइंट बसवून घेताना होणारी चूक तर इलेक्ट्रिशियनच्या हातून होते. ट्रेलरचा टीटी-३० हा प्लग ३० अँपिअरचा असला तरी १२० व्होल्टचाच असतो, म्हणजे त्यातून जास्तीत जास्त ३६०० वॉट मिळतात. मात्र ३० अँपिअर ऐकताच काही जण कपडे वाळवण्याच्या यंत्राचा प्लग समजून तेथे २४० व्होल्ट देतात. पहिल्यांदा केबल जोडताच कन्व्हर्टर (एसीची डीसी करून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) आणि मायक्रोवेव्ह निकामी होतात. काम झाल्यावर, केबल जोडण्यापूर्वी, स्वतः मोजून पाहावे: फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे १२०, फेज आणि अर्थिंगमध्येही सुमारे १२०, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये जवळजवळ शून्य.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि १९७० च्या सुरुवातीला तांब्याचे भाव चढल्यामुळे अमेरिकेत घरांप्रमाणेच काही ट्रेलरमध्येही ॲल्युमिनियमच्या वायरी वापरल्या गेल्या. त्यांच्या सांध्यांवर ऑक्साइडचा थर चढतो, गरम-थंड होताना सांधा सैल पडतो आणि सैल सांधा आणखी तापतो. कोमट लागणारा प्लग पॉइंट, पिवळट पडलेले प्लास्टिक किंवा उगाच मिचकावणारा दिवा ही त्याची लक्षणे असतात. अशा वायरीला तांब्याची वायर साध्या पिळाने जोडणे म्हणजे आगीला आवतण देणे. सगळे वायरिंग बदलता येत नसेल तर निदान सीओ/एएलआर (म्हणजे ॲल्युमिनियमच्या वायरीलाही चालणारे) असा शिक्का असलेले प्लग पॉइंट आणि दोन्ही धातूंसाठी बनवलेले कनेक्टर वापरावेत. चंदेरी दिसणारी प्रत्येक तार मात्र ॲल्युमिनियमची नसते. कथिलाचा मुलामा दिलेले तांबेही तसेच दिसते, म्हणून तार खरवडून आतला रंग पाहावा. हे काम आणि एकूणच १२० व्होल्टची बाजू परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बारा व्होल्टला कमी लेखू नये

बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ती वीज निरुपद्रवी आहे असे वाटते. पण शॉर्ट झालेली बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह देते आणि वायर क्षणात लाल होते. म्हणून धन टोकापासून १८ इंचांच्या आत मुख्य फ्यूज असावा. फ्यूज उपकरण पाहून नव्हे, तर वायर पाहून निवडावा: १४ गेजला (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक) १५ अँपिअर, १२ गेजला २०, १० गेजला ३०. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा बसवणारा माणूस वायरीलाच फ्यूज बनवतो. अमेरिकन गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हेही विसरू नये. १४ गेज म्हणजे सुमारे २.०८ चौरस मिलिमीटर आणि १२ गेज म्हणजे सुमारे ३.३१.

पंप हळू चालतो, दिवा मंद जळतो, म्हणून बॅटरी बदलली तरी फरक पडत नाही, अशी तक्रार असेल तर वायरीतली घट मोजावी. १४ गेजच्या १००० फूट तारेचा रोध साधारण २.५ ओहम असतो. बॅटरीपासून २० फुटांवरच्या पंपाला जाण्या-येण्याची मिळून ४० फूट तार लागते; तिचा रोध ०.१ ओहम होतो, आणि १० अँपिअर वाहताना एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. १२० व्होल्टमध्ये एक व्होल्ट जाणवतही नाही, बारामध्ये तो आठ टक्क्यांहून अधिक असतो. ही मोजणी पंप चालू ठेवूनच करावी, कारण प्रवाह वाहत नसेल तर खराब सांध्यावरही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात.

एअरस्ट्रीम या अमेरिकन कंपनीच्या जुन्या ट्रेलरमध्ये युनिव्होल्ट नावाचा कन्व्हर्टर असतो. एसीची डीसी करताना तो गुणगुणतो ते ठीक. पण त्या काळच्या तंत्रानुसार तो बॅटरी भरल्यावरही चार्जिंग पुरेसे कमी करत नाही, त्यामुळे केबल आठवडाभर लावून ठेवली की बॅटरीतले पाणी आटते. ‘मूळचा आहे’ या प्रेमापोटी तो चालू ठेवू नये. शोभेसाठी कपाटात ठेवावा आणि टप्प्याटप्प्याने चार्ज करणारा नवा बसवावा.

मागचे दिवे

डावा इंडिकेटर लावला की उजवीकडचा दिवा मंद लुकलुकतो, ब्रेक दाबला की सगळे दिवे मिणमिणतात, असा भुताटकीसारखा प्रकार दिसला तर दोष जवळजवळ नेहमीच परतीच्या वाटेत असतो. दिव्याची ऋण बाजू गंजल्यामुळे प्रवाह दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. ॲल्युमिनियमचा पत्रा आणि पोलादी चॅसी जिथे भेटतात तिथे ओलाव्यामुळे गंज ठरलेलाच, म्हणून परतीसाठी पत्र्यावर किंवा हिचच्या गोळ्यावर (गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकवतात त्यावर) विसंबू नये. प्रत्येक दिव्यापर्यंत पांढरी वायर न्यावी. गाडी आणि ट्रेलरमधल्या सात पिनांच्या जोडणीत रंग जुळवण्याचा हट्ट धरू नये, कारण तेथे दोन पद्धती आहेत: एकीत हिरवी वायर उजव्या इंडिकेटरची आणि तपकिरी मागच्या दिव्यांची असते, तर ट्रेलरवाल्यांच्या दुसऱ्या पद्धतीत हिरवी मागच्या दिव्यांची आणि तपकिरी उजव्या इंडिकेटरची. पिनेचे काम पाहून जोडावे. ट्रेलर १९५५-५६ पूर्वीचा असेल तर बल्ब ६ व्होल्टचे आहेत का, तेही पाहावे. अमेरिकन मोटारी साधारण तेव्हाच ६ वरून १२ व्होल्टवर आल्या.

नको असलेल्या वायरी उत्साहाच्या भरात उपटून टाकण्याआधी प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर क्रमांक लिहावा आणि फोटो घ्यावेत. मग एक फ्यूज काढावा, काय बंद पडले ते लिहावे, तो परत लावून पुढचा काढावा. एका सुटीच्या दिवसात आकृती तयार होते. तिची एक प्रत फ्यूजच्या पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी. बहुधा पाऊस पडत असताना, अंधारात, टॉर्च दातांत धरून ती वाचावी लागते, म्हणून अक्षर मोठे काढावे.