प्लॅस्टिक ड्रमची ड्रॉप टेस्ट: यूएन मार्किंगच्या आधी

यूएन मार्किंग म्हणजे घातक मालाच्या ड्रमवरची, संयुक्त राष्ट्रांच्या नियमांनुसार चाचणी झाल्याची खूण. त्यासाठी घातक द्रवाचा प्लॅस्टिक ड्रम पाडून बघण्याआधी पॅकिंग ग्रुप, म्हणजे माल किती घातक त्याचा गट (पहिला सर्वात घातक), ठरवा. उंची त्यावरच ठरते: पहिल्यासाठी १.८ मीटर, दुसऱ्यासाठी १.२, तिसऱ्यासाठी ०.८. द्रवाची सापेक्ष घनता (पाण्याच्या तुलनेतली) १.२ च्या वर असेल आणि चाचणी पाण्यावर करणार असाल, तर घनतेला अनुक्रमे १.५, १.० किंवा ०.६७ ने गुणा, तेवढे मीटर. हा हिशेब हमखास विसरला जातो.

ड्रम ९८ टक्के भरा आणि आतल्या द्रवासकट उणे १८ अंशांपर्यंत थंड करा. थंडीत प्लॅस्टिक कडक होऊन तडकतं, म्हणून ही अट. पाणी गोठेल, तेव्हा त्यात अँटीफ्रीझ घाला.

सहा ड्रम लागतात. तीन तिरके, काठावर पाडा. तीन सर्वात कमजोर जागी, बहुधा झाकणावर. खाली न हलणारा, सपाट, कठीण पृष्ठभाग हवा.

मग आतबाहेरचा दाब सारखा करूनच गळती तपासा, नाहीतर आतला कमी दाब गळती लपवतो. आदळताना झाकणातून चार थेंब उडाले तर चालतं, पुढे गळत राहिलं तर नापास. झाकण उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) आवळा; हाताच्या अंदाजाने आवळलेलं बूचच बहुतेकदा दगा देतं.

एकावर एक रचून ठेवण्याची चाचणी वेगळी: ४० अंशांवर २८ दिवस. वेळापत्रक त्यानुसार आखा.