विंडोज, लिनक्स आणि मॅक: फाइल देताघेताना तिचे गुणधर्म कसे सांभाळावेत

घरी उबंटू लिनक्स, बर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानात विंडोज आणि धरमपेठेतल्या डिझायनरकडे मॅक. नागपुरात प्रबंध छापून घ्यायचा तर एकच पेन ड्राइव्ह या तिन्ही ठिकाणी फिरतो. मजकूर सहसा नीट पोचतो. गडबड होते ती बाकीच्या गोष्टींची: फाइल लपलेली आहे का, तिच्यात बदल करता येतो का, ती कोणाला वाचता येते.

आधी ड्राइव्हचा फॉरमॅट बघा. विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, ‘फाइल सिस्टीम’समोर तो लिहिलेला असतो. फॅट-३२ असेल तर ४ जीबीची फाइल त्यावर बसणार नाही. एनटीएफएस हा विंडोजचा फॉरमॅट मॅकला वाचता येतो, पण जास्तीचं सॉफ्टवेअर टाकल्याशिवाय त्यावर लिहिता येत नाही. तिन्हीकडे ये-जा असेल तर एक्सफॅट घ्या. फॉरमॅट केल्यावर सगळं पुसलं जातं, म्हणून कॉपी आधी काढून ठेवा.

पण एक्सफॅट काय किंवा फॅट-३२ काय, लिनक्सचा मालक आणि परवानग्या नोंदवायची सोय त्यांत नाही. सर्व्हरवर लॉगिन करायची एसएसएच की ६०० परवानगीची, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी असते. ती पेन ड्राइव्हवरून परत कॉपी केली की बहुधा इतरांनाही वाचता येईल अशी होते, आणि मग एसएसएच ती वापरायलाच नकार देतं. यावर खात्रीचा उपाय म्हणजे कॉपी करण्याआधी फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कॉम्प्रेस’मधून टार, म्हणजे अनेक फाइली एकाच फाइलीत बांधणारा प्रकार निवडणं. परवानग्या टारच्या आत नोंदलेल्या राहतात, बाहेरचा ड्राइव्ह कोणताही असो. फाइल लिनक्सवरच उघडायची असेल तर मी दुसरं काही सुचवणार नाही.

आता लपलेल्या फाइली. लिनक्स आणि मॅकमध्ये नावाच्या सुरुवातीला टिंब असलं की फाइल लपते. विंडोजमध्ये त्यासाठी ‘हिडन’ नावाची वेगळी खूण असते. त्यामुळे तुमच्या टिंबवाल्या फाइली दुकानातल्या पीसीवर उघड दिसतात.

दुकानातून आणलेल्या ड्राइव्हवर फोल्डरांच्या जागी नुसते शॉर्टकट दिसले तर घाबरू नका आणि त्यांवर क्लिकही करू नका. हा व्हायरस बहुतेक वेळा फोल्डर पुसत नाही, त्यांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ अशा दोन्ही खुणा लावून ठेवतो. ड्राइव्ह लिनक्सवर लावा: तिथे या खुणा कोणी विचारत नाही, फोल्डर दिसतील, लगेच कॉपी काढा. विंडोजच हाताशी असेल तर आधी अँटिव्हायरस चालवा. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये अ‍ॅट्रिब कमांड द्या, तिच्यापुढे उणे एच आणि उणे एस, त्यानंतर ड्राइव्हचं अक्षर व सगळ्या फाइलींसाठी तारांकन, आणि शेवटी तिरप्या रेघेसह एस व डी. एच आणि एस एकदमच काढावे लागतात. ‘सिस्टीम’ची खूण तशीच ठेवून नुसती ‘हिडन’ काढू म्हटलं तर विंडोज ऐकत नाही. ही कमांड सी ड्राइव्हवर मात्र चुकूनही देऊ नका.

मॅकवरून आलेल्या ड्राइव्हवर टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या जोडफाइली सापडतात. पीडीएफ किंवा फोटोच्या असतील तर खुशाल काढा. जुने मॅक फॉन्ट असतील तर थांबा: त्यांचा खरा ऐवज त्या जोडफाइलीतच असतो आणि मूळ फाइल शून्य बाइटची दिसते. असे फॉन्ट डिझायनरकडून मॅकवरच झिप करून मागा.

ऑफिसात सांबा सर्व्हर, म्हणजे लिनक्सवरच्या फाइली विंडोजला नेटवर्कवरून देणारा सर्व्हर असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘स्टोअर डॉस अ‍ॅट्रिब्यूट्स’ चालू आहे का ते बघायला सांगा. ते बंद असेल तर विंडोजची ‘आर्काइव्ह’ खूण लिनक्सच्या एक्झिक्यूट, म्हणजे प्रोग्रॅम म्हणून चालवायच्या परवानगीत जाऊन बसू शकते, आणि साधी वर्ड फाइल प्रोग्रॅमसारखी दिसू लागते.

नावं शेवटी तपासा. ‘प्रकरण १: प्रस्तावना’ हे नाव लिनक्सला चालतं, पण विसर्गासारखं दिसणारं ते कोलन विंडोजला चालत नाही. प्रश्नचिन्ह आणि तारांकनाचंही तेच. त्या जागी आडवी रेघ टाका आणि मगच ड्राइव्ह खिशात घाला.