दुब्रोव्हनिकची तटबंदी चढताना सुरुवात पूर्वेकडून करा

क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकच्या तटबंदीवर फेरी एकाच दिशेने मारावी लागते, घड्याळाच्या उलट. बहुतेक जण पश्चिमेच्या पिले दरवाज्यातून चढतात, कारण बस तिथेच थांबते. मग समुद्राकडची बाजू आधी लागते आणि सर्वांत उंच मिनचेता बुरुजाचा चढ शेवटी, पाय थकल्यावर आणि ऊन डोक्यावर आल्यावर. त्यापेक्षा पूर्वेच्या प्लोचे दरवाज्याजवळून चढा. दमवणारा चढ सुरुवातीलाच उरकतो, पुढे उतार आणि समुद्र.

लांबी 1940 मीटर, तरी पायऱ्या आणि फोटो धरून दोन तास ठेवा. वर सावली जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यात दार उघडताच पोहोचा. उशीर केलात तर क्रूझ जहाजांची गर्दी गाठते आणि अरुंद वाटेवर रांगच लागते. बाटली खालीच, 15व्या शतकातल्या ओनोफ्रियो कारंज्यावर भरून घ्या. पाणी पिण्याजोगे आहे आणि फुकट. वरच्या टपऱ्यांवर तेच महाग.

मिनचेतावरून छपरे नीट बघा. लालभडक कौले बहुतेक 1991-92च्या तोफमाऱ्यानंतरची, फिकट पिवळसर दिसली तर जुनी. खालचे बरेचसे शहर 1667च्या भूकंपानंतर उभे राहिलेले आहे. स्पोन्झा वाडा मात्र त्यातून वाचला.

तिकीट फेकू नका, त्यावरच बाहेरचा लोव्रियेनात्स किल्लाही बघता येतो. दिवसभरात एखादे संग्रहालयही करायचे असेल तर सुट्या तिकिटाऐवजी दुब्रोव्हनिक पासची किंमत आधी पडताळा. त्यात तटबंदी आणि शहर बस दोन्ही येतात.