धरण, पूल, सबस्टेशन: फोटो काढण्याआधी पाटी कशी वाचायची

धरणाच्या भिंतीपाशी पाटी असते: ‘छायाचित्रणास सक्त मनाई. आदेशावरून.’ आदेश कुणाचा, कुठल्या कायद्याखाली, याचा पत्ता नसतो. मोबाइल बाहेर काढण्याआधी नेमकं तेच शोधायचं.

पहारेकऱ्याच्या तोंडी बहुधा १९२३ चा शासकीय गुपिते कायदा असतो. त्यातल्या कलम २(८) मध्ये प्रतिबंधित जागांची यादी आहे. नौदलाची गोदी, लष्करी छावणी, दारूगोळ्याचा कारखाना या जागा कायद्यानंच प्रतिबंधित. तिथं पाटी नसली तरी फोन खिशातच बरा. रेल्वे, रस्ते, पाणी-वीज-गॅसची केंद्रं यांचं तसं नाही. त्यांच्यासाठी केंद्र सरकारची राजपत्रातली अधिसूचना लागते, आणि तिची प्रत इंग्रजीत व स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, जागेवर लावलेली असावी लागते. नुसतं ‘सरकारी आवार’ पुरत नाही. पोलीस ठाणं या व्याख्येत बसत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये सांगून ठाण्यातल्या चित्रणाबद्दलचा गुन्हा रद्द केला.

तर पाटीवर कायद्याचं नाव, अधिसूचना क्रमांक आणि तारीख शोधा. सापडलं तर वहीत टिपून घ्या (पाटीचाही फोटो नको!) आणि ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर पडताळा. नसेल तर कार्यकारी अभियंत्याकडे दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका. ‘बंदी का?’ असं विचारलंत तर उत्तर टोलवलं जाईल. ‘बंदीच्या आदेशाची प्रत द्यावी’ असं लिहा. क्रमांक नसलेली पाटी म्हणजे मोकळं रान, असंही समजू नका. कुंपणाच्या आत शिरलात तर अतिक्रमणाचा मुद्दा वेगळा उरतोच.

ड्रोनचं गणित निराळं. २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उडवण्याच्या दिवशीच बघा, कारण तो बदलतो. लाल क्षेत्रात केंद्राच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही.

अडवलं तर हुज्जत घालू नका. प्रतिबंधित जागेजवळ पहाऱ्यावरच्या पोलिसाला किंवा जवानाला अडथळा आणणं हाच शासकीय गुपिते कायद्याच्या कलम ७ खाली तीन वर्षांपर्यंतचा गुन्हा आहे. घाबरून फोटोही पुसू नका. कलम ३(२) नुसार परिस्थिती, वागणूक, इतकंच काय, माणसाची ‘ख्याती’ यांवरूनही हेरगिरीचा हेतू ठरवता येतो. या कायद्यातलं सर्वांत धोकादायक पोटकलम हेच. पुसलेला फोटो तिथं आयताच पुरावा होतो.

फोन घेतला तर जप्ती पंचनाम्याची प्रत मागा आणि त्यात आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) आहे ना ते बघा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक आहे. ते झालं का, हे वकिलाला आवर्जून सांगा. फोन परत मिळवायला दंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्तनाम्याचा अर्ज करायचा. अटक झाली तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत त्यांच्यासमोर हजर करावंच लागतं. आणि खटला उभा राहिलाच, तर वकिलाला आधी शासकीय गुपिते कायद्याचं कलम १३ तपासायला लावा: सरकारच्या किंवा सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या आदेशावरून केलेली तक्रार नसेल तर न्यायालयाला या गुन्ह्याची दखलच घेता येत नाही.