वाचनालयात माणसं येईनाशी झाली? या चुका टाळा

वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक कुठलीही असो, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हल्ली कोणी वाचतच नाही." मग मोबाइलवर दहा मिनिटं, इंग्रजी माध्यमावर दहा मिनिटं, आणि चहा. ठाण्यात एका वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे मी १९ वर्षं बसते आहे. हे वाक्य आता मला ऐकवत नाही. लोक वाचतात. ते आपल्याकडे येत नाहीत ही वेगळी तक्रार आहे, आणि तिची कारणं बहुतेक वेळा आपल्याच चार भिंतींत सापडतात. खाली लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या चुका आम्ही स्वतः केलेल्या आहेत.

आधी घड्याळ बघा

आमची वेळ कित्येक वर्षं सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ४:३० ते ७:३० अशी होती. रविवारी सुट्टी. ही वेळ ठरली तेव्हा चारचा चहा घेऊन पुस्तक बदलायला निघणारी माणसं नौपाड्यात घरोघरी होती. आता आमचे निम्म्याहून जास्त वर्गणीदार सकाळी आठच्या आत स्टेशन गाठतात आणि रात्री साडेआठला परततात. एक बाई वर्गणी भरून तीन महिने फिरकल्याच नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "ताई, मी रोज येते हो. तुमचं कुलूप बघून जाते."

तास वाढवायला पैसे लागतात, सरकवायला लागत नाहीत. अनुदानित वाचनालयाला शासनाने दिलेल्या वर्गाप्रमाणे (अ, ब, क, ड) ठरलेले तास उघडं राहावं लागतं हे खरं, पण ते तास सभासदांच्या दिवसात बसवायला कोणी अडवत नाही. आम्ही आठवड्यातल्या दोन दिवशी सकाळची पाळी कमी करून रात्री ९:३० पर्यंत टेबल चालू ठेवलं आणि सुट्टी रविवारची सोमवारवर नेली. पहिले दोन महिने माशा मारल्या. बहुतेक ठिकाणी प्रयोग इथेच गुंडाळला जातो. नवी वेळ कानोकानी व्हायला वर्गणीची एक तिमाही तरी जाऊ द्यावी लागते. शिवाय आमचा वेळेचा फलक जिन्यात होता, म्हणजे आत आलेल्यालाच दिसायचा! तो रस्त्याकडे तोंड करून लावला.

"नाही"ची वही

वाचनालयात वह्यांना तोटा नाही. दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवायची), देवघेवीची नोंदवही, पावतीपुस्तकं, हजेरीपट. फक्त जो माणूस काहीतरी मागायला आला आणि रिकाम्या हाताने गेला, त्याची नोंद कुठेच नसते. वार्षिक अहवालात किती पुस्तकं दिली ते येतं. किती देता आली नाहीत ते येत नाही. आणि सभासद तुटतो तो या दुसऱ्या आकड्यापायी.

एक शंभर पानी वही टेबलावर ठेवा. रकाने तीन: तारीख, काय मागितलं, का मिळालं नाही. मागणाऱ्याचं नाव लिहू नका, लोक संकोचतात. तिसऱ्या रकान्यात आम्ही एकेक अक्षर लिहितो. "आ" म्हणजे आपल्याकडे नाही, "बा" म्हणजे बाहेर गेलंय, "सा" म्हणजे सापडत नाही. या तिघांना एकच औषध चालत नाही, आणि चूक नेमकी इथे होते. तक्रार आली की कार्यकारिणी सरसकट खरेदीकडे वळते.

"आ" असेल तर खरेदी, हे बरोबर. "बा" वारंवार येत असेल तर दुसरी प्रत घ्या किंवा त्या पुस्तकाची मुदत कमी करा. पंधरा दिवसांची सात केली की तेच पुस्तक दुप्पट लोकांना मिळतं, खर्च शून्य. आणि "सा"? पहिल्या महिन्यात आमच्या वहीत सर्वांत जास्त "सा" निघाले, तेव्हा मला घाम फुटला. पुस्तक घेतलेलं, दाखल केलेलं, यादीत असलेलं, आणि चुकीच्या फळीवर उभं.

मुक्तद्वार पद्धतीत, म्हणजे वाचक स्वतः कपाटातून पुस्तक निवडतो तिथे, हे होणारच. वाचक चाळलेलं पुस्तक हाताला येईल तिथे खुपसतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६, आमच्यासारख्या ठिकाणी निम्म्याहून जास्त पुस्तकं त्याच क्रमांकाखाली येतात. म्हणजे खरा आधार पुढच्या लेखक-अक्षरांचा (लेखकाच्या नावाच्या अक्षरांचा), आणि कण्यावरची ती अक्षरं पाच वर्षांत पुसट होतात. "पाहिलेलं पुस्तक परत लावू नका, टेबलावर ठेवा" अशी पाटी लावा, आणि रोज दार उघडल्यावर वीस मिनिटं एकच घोडा, म्हणजे पुस्तकांची एक मांडणी, क्रमाने तपासा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतं. ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत ते सगळ्यांना पाठ असतं. कपाटाशी उभं राहिल्यावर आठवत नाही.

या वहीत पुस्तकांच्या नावांखेरीजही बरंच येतं. "मोठ्या टायपात काही आहे का?" "पोलीस भरतीचे जुने पेपर?" आणि एका तमिळ आईची विचारणा: "मुलाला सोपं मराठी वाचायचंय, पण बाळबोध नको." २०२० च्या कायद्याने राज्यात सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. घोडबंदर रोडच्या संकुलांत आणि नेरुळ, वाशीत असे पालक ढिगाने आहेत. त्यांच्यासाठी आमच्याकडे वेगळी अशी एक फळीही नव्हती. वही नसती तर ते कळलंही नसतं.

मार्चची खरेदी

महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. मद्रासच्या १९४८ च्या आणि कर्नाटकच्या १९६५ च्या कायद्यात ती आहे. आपल्याकडे वाचनालयं संस्था चालवतात आणि अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार शासनाचं अनुदान हप्त्याहप्त्याने येतं. हप्ता लांबला की सगळी ग्रंथखरेदी मार्चअखेरीवर येऊन आदळते. घाईत विक्रेता संच आणतो, भरघोस सूट देतो, अध्यक्ष खूश. एका मार्चमध्ये आम्ही ज्या सात कादंबऱ्या घेतल्या, त्या आमच्याकडे आधीच होत्या. दाखल नोंदवही उघडून बघायला कोणालाच सवड नव्हती.

सुटीचं गणित एकदा कागदावर मांडा. ४०० रुपयांचं पुस्तक ४० वेळा बाहेर गेलं तर दर वाचनाला १० रुपये पडले. निम्म्या सुटीत ९० ला मिळालेलं पुस्तक एकदाच गेलं तर ९० पडले. स्वस्त कुठलं? खरेदीची यादी वर्षभर तयार होत राहिली पाहिजे, "नाही"च्या वहीतून, दर महिन्याला थोडी. पैसे मार्चमध्ये आले तरी चालेल, यादी मार्चमध्ये करू नका.

चार पोती पुस्तकं

ठाण्यात जुन्या इमारती पाडून टॉवर होताहेत. घर रिकामं करताना आजोबांचं कपाट उतरतं आणि वाचनालयाचा फोन वाजतो. "घेऊन जा हो, चांगल्या हाती पडतील." नाही म्हणणं जड जातं, म्हणून आपण सगळं घेतो, सगळं दाखल करतो, आणि दहा वर्षांपूर्वीच्या करसल्लागार पुस्तिकांना क्रमांक देऊन बसतो. एकदा दाखल झालेलं पुस्तक असंच काढता येत नाही. ते बाद करायला यादी, ठराव, नोंदवहीत शेरा असं सगळं रीतसर लागतं. आम्ही एकदा हा सोपस्कार न करता रद्दीवाल्याला बोलावलं. दोन दिवसांनी एक ज्येष्ठ सभासद आमच्या शिक्क्याचं पुस्तक हातगाडीवरून १० रुपयांना विकत घेऊन आले आणि काही न बोलता टेबलावर ठेवून गेले. त्यापेक्षा रागावले असते तर परवडलं असतं.

देणगीचा नियम लिहून भिंतीवर लावा: निवड वाचनालय करील, न निवडलेली पुस्तकं आठ दिवसांत परत न्यावीत. पोती थेट घोड्यांजवळ नेऊ नका. कसर आणि वाळवी अशीच पाहुणी येते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून दोन-तीन आठवडे बाजूला ठेवा, रोज नजर टाका, भुसा किंवा माती दिसली तर आत घेऊ नका. जुनी मासिकं, हस्तलिखितं, शतकापूर्वीची छपाई निघाली तर मात्र स्वतः निकाल लावू नका. १८९३ पासून ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं आहे. जुना मजकूर ओळखणाऱ्या अशा ठिकाणी आधी विचारा.

दिवाळी अंक

१९०९ साली का. र. मित्र यांनी "मनोरंजन"चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही आपली खास चैन. वाचनालयाला सभासद मिळवून देणारे वर्षातले सर्वांत चांगले चार महिने हेच, आणि भांडणंही याच महिन्यांत. चूक ठरलेली: शंभर वेगवेगळे अंक, प्रत्येकी एक प्रत. फलकावर यादी लांबलचक दिसते. पण मागणी असते पंधरा-वीस अंकांना. एक प्रत, मुदत ४ दिवस, हंगाम १०० दिवस, म्हणजे फार तर २५ वाचक. दिवाळी अंकांच्या वर्गणी योजनेत दीडशे जणांनी पैसे भरले असतील तर सव्वाशे जण फेब्रुवारीत तोंड फिरवणार, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण करणार नाहीत. गेल्या वर्षीच्या नोंदींतून वरचे पंधरा अंक काढा, त्यांच्या पाच-पाच प्रती घ्या, बाकीची यादी निम्मी करा. आणि अंक देण्यापूर्वी पुठ्ठा शिवून घ्या, नाहीतर मुखपृष्ठ तिसऱ्या वाचकाकडेच राहतं.

अभ्यासिकेला गिऱ्हाईक समजू नका

स्पर्धा परीक्षेच्या मुलांची अभ्यासिका महिन्याकाठी खात्रीने पैसे देते. म्हणून एकेक खोली तिच्याकडे जाते, बालविभाग जिन्याखाली सरकतो, वृत्तपत्र वाचणाऱ्या काकांची खुर्ची जाते, आणि तरी अहवालात "वाचकसंख्या वाढली". ती मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात हो! उलट टोकाला जाऊन त्यांना हाकलायचंही कारण नाही. कोपरखैरणे, घणसोलीत माथाडी कामगारांच्या लहानशा घरांत पाच माणसांत अभ्यास करणाऱ्या मुलाला टेबल, पंखा आणि शांतता हीच सेवा आहे. वृत्तपत्र विभाग सकाळी ११ पर्यंत अभ्यासिकेला बंद ठेवा, तिचा हिशेब आणि हजेरी वेगळी ठेवा, मुलींसाठी स्वच्छतागृहाची किल्ली मागावी लागणार नाही एवढं बघा. आणि महिन्यातून एकदा त्यांच्यापैकी कोणालातरी "नाही"ची वही वाचायला द्या. आम्हाला चांगल्या सूचना तिथूनच मिळाल्या.

संगणक आला आणि पुस्तकं हरवली

बाहेरच्या माणसाला पुस्तकामागे अमुक रुपये ठरवून नोंदी करवून घेतल्या की त्याचा वेग वाढतो आणि आपलं डोकं दुखतं. आमच्या पहिल्या नोंदी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये झाल्या. दुसऱ्या संगणकावर नेल्या तर सगळी अक्षरं म्हणजे किडेमकोडे. नोंद युनिकोडमध्येच हवी, हा करारातला पहिला मुद्दा. दुसरा: आडनाव आधी की नाव आधी, आद्याक्षरांनंतर जागा सोडायची की नाही, हे एका कागदावर लिहून त्याच्यापुढे चिकटवा. नाहीतर एकच लेखक चार ठिकाणी चार रूपांत बसतो आणि शोधणाऱ्याला एकाच रूपातली पुस्तकं दिसतात. ग्रंथालयाची संगणक प्रणाली म्हणाल तर कोहा फुकट मिळतं, राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचं ई-ग्रंथालय आहे. प्रणाली कुठलीही चालेल. पहिल्या दोनशे नोंदी ग्रंथपालाने स्वतः तपासल्याशिवाय पुढचं बिल देऊ नका.

पाऊस

मेअखेर एक सकाळ यासाठी ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकलेले घोडे चार बोटं पुढे ओढा, खालची फळी जमिनीपासून वीतभर वर हवी. फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरायची जुनी सवय सोडा, ते ओल धरून ठेवतं. डांबरगोळ्यांनी बुरशी थांबत नाही, वारा खेळता ठेवल्याने थांबते. बंद काचेच्या कपाटांची दारं कोरड्या दिवशी तासभर उघडी टाका. पुस्तक भिजलंच तर उन्हात घालू नका, पानं आकसून वाकतात. उभं करून पंख्याखाली ठेवा. गुळगुळीत कागदाचं असेल तर ओलं असतानाच पानांमध्ये कोरे कागद घाला, एकदा वाळलं की पानं सुटत नाहीत.

दंडाचा डोंगर

दिवसाला एक रुपया दंड दिसायला किरकोळ. माणूस आजारी पडला, गावी गेला, वर्ष लोटलं, दंड पुस्तकाच्या किमतीच्या वर गेला, आणि लाजेने तो माणूस त्या रस्त्यानेच जायचा बंद झाला. पुस्तकही गेलं, सभासदही. दंडाला पुस्तकामागे कमाल मर्यादा घाला, ३० रुपये खूप झाले. वर्षातून एक आठवडा पूर्ण माफी द्या, आणि त्या आठवड्यात दाराबाहेर झाकणाची पेटी ठेवा, टेबलाशी येऊन तोंड दाखवावं लागणार नाही अशी. पहिल्या वर्षी आमच्या पेटीत ६१ पुस्तकं आली. त्यातली तीन दुसऱ्याच वाचनालयांची होती. ती मी रिक्षाने पोचवून आले.