उसाच्या रसाचा ब्रिक्स प्रकाशाने मोजायचाय? आधी ही तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फिजिक्सच्या पोरांनो, ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या पदार्थांचं, मुख्यतः साखरेचं, शेकडा प्रमाण. ते मोजायला सगळ्यात आधी लॅबमध्ये लेसर कोणता आहे ते बघा. तरंगलांबी किंचित-किंचित सरकवता येणारा लेसर नसेल, तर काचेच्या सूक्ष्म गोळीच्या (फायबरच्या टोकाला बनवलेली, आत प्रकाश फिरवून बाहेरचा द्रव तपासणारी गोळी) नादाला लागू नका. प्लॅस्टिकचा फायबर, लाल एलईडी, फोटोडायोड आणि मल्टिमीटर एवढ्यावर प्रोजेक्ट उभा राहतो. फायबर मधोमध घट्ट वाकवून रसात बुडवा. रस जितका दाट, तितका प्रकाश त्या वळणावर जास्त निसटतो. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी हेच करा.

लेसर असेल तर मात्र गोळीची मजा घ्याच. पण तो १५५० नॅनोमीटरचा असेल तर थांबा. पाणी तो प्रकाश शोषतं. रसासाठी ७८०च्या आसपासचा बरा. गोळीसाठी स्प्लायसिंग मशीन (फायबरची टोकं ठिणगीने वितळवून जोडणारं यंत्र) लागतं. ते विकत घेऊ नका, गावात इंटरनेटची केबल जोडणाऱ्यांकडे असतं, ओळखीने तासभर मिळतं. १२५ मायक्रॉन जाडीच्या फायबरचं टोक त्याच्या ठिणगीत वितळलं की पृष्ठताणामुळे आपोआप गोल होतं. विजापूरच्या गोलघुमटात कुजबुज भिंतीच्या कडेने फिरते, तसा प्रकाश या गोळीत आतल्या कडेने फिरतो. (सी. व्ही. रामन यांनी त्या घुमटातल्या आवाजाचा अभ्यास करून १९२२ मध्ये लिहिलं होतं. सहल काढायला एवढं कारण पुरे.) चांगल्या गोळीत प्रकाश विझण्याआधी हजारो फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीत त्याचा थोडा अंश काचेबाहेरच्या द्रवाला स्पर्शून जातो, म्हणून द्रवातला बारीकसा बदलही अनुनादाची तरंगलांबी (ज्या तरंगलांबीला प्रकाश गोळीत जोर धरतो ती) सरकवतो.

गोळीत प्रकाश सोडायला दुसरा फायबर ज्योतीवर ताणून एक-दोन मायक्रॉन बारीक करावा लागतो. त्यावर धुळीचा कण बसला की तो वाया गेला. उलटी ठेवलेली, मासे पाळायची काचेची पेटी झाकण म्हणून चालते. जुलैच्या बेळगावी पावसात हे काम काढू नका. थंडीत करा, तेव्हा गळीत हंगामही चालू असतो.

रस मात्र रसवंतीचा नको, त्यात लिंबू-आलं असतं. निव्वळ रस घ्या, फडक्यातून गाळा, फेस बसू द्या आणि लगेच मोजा. उन्हात ठेवलेला रस आंबतो. तुलनेसाठी डिस्टिल्ड पाण्यात साखर वजन करून ५, १०, १५, २० टक्क्यांची द्रावणं करून ठेवा. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) १.३३३, वीस टक्के साखरेचा सुमारे १.३६४. हातातलं ब्रिक्स मीटर मागून आणा, पडताळा लागतो.

तापमानाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. पाणी १० अंशांनी तापलं की अपवर्तनांक सुमारे ०.००१ने घटतो, म्हणजे साखर तेवढीच असताना जवळपास पाऊण टक्का कमी दिसते. सगळे नमुने एकाच पाण्याच्या टबात ठेवा आणि प्रत्येक वाचनाशेजारी तापमान लिहा. शिवाय एक नमुना मिठाच्या पाण्याचा असू द्या. अपवर्तनांक मिठानेही वाढतो; उघड्या काचेला साखर आणि मीठ यांतला फरक कळत नाही, त्यासाठी तिच्यावर विशिष्ट रेणू धरणारा थर लागतो. म्हणून फाईलमध्ये ‘ब्रिक्स’ लिहा, ‘साखर’ नको. परीक्षक नेमकं तिथेच पकडतात.

अवरक्त लेसर डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा तीच तरंगलांबी अडवणारा चष्मा हवा. फायबरचे तुकडे झाकणाच्या बाटलीत टाका, टेबल चिकटपट्टीने टिपून घ्या आणि त्याशिवाय तिथे डबा उघडू नका.